भिंतीकडे तोंड

बंदराकडून डोंगरावरच्या वस्तीत नेणाऱ्या सार्वजनिक लिफ्टचं दार मिटता मिटता अगोस्तीनो आत घुसला, तर कोपऱ्यात तेक्ला. त्याची मुलगी. बंदरावरच्या जहाज कंपनीच्या कचेरीत काम करणारी, गुरुवारी भर सकाळी तिथेच असायला हवी अशी. नजरानजर झाली. झाली म्हणजे झालीच, त्यात शंका नको, कारण बेसिलच्या जुडीसकट त्याचा हात वर उठलासुद्धा होता. आणि तेक्लाने तोंड फिरवलं. पाय न हलवता नुसतं अंग वळवून ती लिफ्टच्या लाकडी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि तिथे डकवलेली कसलीशी सूचना वाचू लागली. त्याने हात खाली घेतला. जुडीच्या मुळांची ओली माती बुटावर सांडली. मध्ये चार माणसं, एक बाबागाडी, आणि पलीकडे त्या निळ्या कोटाची पाठ. कोट त्यानेच घेऊन दिलेला. हाक मारावी का? ‘तेक्ला’ एवढं म्हणायला किती वेळ लागतो? पण लिफ्ट वर पोचली, दार उघडलं, लख्ख ऊन आत आलं, आणि निळा कोट त्या उन्हात कुठे विरला ते त्याला कळलंही नाही. लोक बाहेर पडले. बाबागाडीवाली बाई म्हणाली, “आजोबा, उतरताय ना?” आजोबा! तो उतरला.

घरापर्यंतची वाट उताराची आणि पायाखालची, तरी आज तो दोनदा थांबला. एवढी वरच्या वस्तीत आली, बापाच्या उंबऱ्यापाशी आली म्हणायचं, आणि बापाला पाठ दाखवून गेली. कुणाकडे गेली असेल? इथे तिचं आहे कोण? शाळेतल्या मैत्रिणी कधीच्या पांगल्या. बंदरावरून वर यायचं म्हणजे मुद्दाम यायचं. गेली दोन वर्षं ती या चढावरून येत नाही. रविवारी आलीच तर मागच्या जिन्याने, पाहुण्यासारखी, आणि तशीच जाते. पण पाठ कधी फिरवली नव्हती. भांडली होती, फोन आपटला होता, एकदा त्याच्यासमोर बशी फोडली होती, आणि ते सगळं तोंडावर. तोंडावर भांडणाऱ्या माणसाचं बरं असतं, तो अजून आपला असतो. ही पाठ नवी होती.  बायको, देल्फीना, गेल्यापासून या जगात ज्याला आपलं म्हणावं असं एकच माणूस उरलं होतं, तेही निसटलं की काय, एवढा एकच विचार त्याच्या डोक्यात घणासारखा पडत राहिला.

स्वयंपाकघरात येऊन त्याने बेसिल पाण्यात ठेवलं आणि खिडकीशी बसला. या खिडकीला समुद्र नाही. जेनोव्हा शहरातल्या अर्ध्या घरांना पुढून समुद्र आणि मागून भिंत असते. अगोस्तीनोच्या वाट्याला नुसती भिंत आली होती. डोंगर अडवून धरणारी, काळी, दगडी, खिडकीपासून हातभर लांब. घर घेतलं तेव्हा तो देल्फीनाला म्हणाला होता, “हे काय, आयुष्यभर दगड बघत बसायचं?” देल्फीना म्हणाली, “दगड कुठे? फुलं बघ की.” भिंतीच्या प्रत्येक फटीतून एक वेल लोंबत होता. नखाएवढी पानं, आणि त्यांत फिकट जांभळी, पिवळ्या ओठांची इवली फुलं. बागेत ज्याला सिंहाचं तोंड म्हणतात, दोन्ही बाजूंनी दाबलं की आ वासणारं ते फूल, त्याच्या घराण्यातलं हे. पण सिंहाचं कसलं, फार तर उंदराच्या पिलाचं तोंड. पुस्तकात याचं नाव चोंबोलीनो. चढावरचे लोक मात्र भिंतीवर उगवणाऱ्या सगळ्याच हिरवळीला भिंतगवत म्हणून मोकळे होतात. माती नको, पाणी नको, कुणी लावायला नको. हिवाळ्यात वाळल्यासारखं दिसे आणि मार्चमध्ये त्याच मुळांतून पुन्हा हजर. तेक्ला लहानपणी खिडकीतून हात लांब करून ती फुलं तोडायची आणि त्यांची तोंडं उघडायला बघायची. ती उघडत नसत, म्हणून चिडायची. “पपा, हे बोलतच नाही!” आणि तो टगबोटीच्या इंजिनरूममधला आवाज काढून म्हणायचा, “मग मी बोलतो!” सगळी गल्ली हसायची.

आवाज. तिथेच तर सगळ्याची माती झाली. उभा जन्म त्याने टगबोटींच्या पोटात काढला. तिथे शेजारच्याला कानात सांगायचं तरी ओरडावं लागे. ओरडून ओरडून त्याच्या तोंडाचं दार कायमचं उघडंच राहिलं. देल्फीना म्हणायची, या माणसाच्या तोंडात तीळ भिजत नाही. दोन वर्षांपूर्वी, अशाच वसंतात, तेक्ला याच टेबलाशी बसून म्हणाली होती, “पपा, तुला एक सांगते. पण अजून फार लवकर आहे हं. कुण्णाला सांगायचं नाही.” तो म्हणाला होता, “मी? छे!” आणि फोकाच्चा, तो चपटा खारा पाव, आणायला म्हणून चढावरच्या नीवेसच्या पावभट्टीवर गेला. नीवेस म्हणाली, “काय गुस्तीन, कसं काय?” आता या प्रश्नाला जेनोव्हात एकच उत्तर असतं: रडतखडत चाललंय. गुडघे, सरकार, वारा, मासळीचा भाव, काय वाट्टेल त्यावर कुरकुर करावी. कुरकुर करणारा माणूस घरी सुखी आहे एवढं सगळ्यांना कळतं आणि कुणी पुढे विचारत नाही. बरं चाललंय म्हणणाऱ्याकडे मात्र माना वळतात. त्या दिवशी अगोस्तीनो या शहराची सगळी रीत विसरला आणि म्हणाला, “मी आजोबा होणार!” संध्याकाळपर्यंत चढावरच्या कुत्र्यामांजरांनासुद्धा ती बातमी कळली होती. आणि काही आठवड्यांनी ती बातमी खोटी झाली. तेक्ला इस्पितळातून आली ती चढावरून आली. नीवेस पिठाच्या हातांनी धावत बाहेर आली आणि गळ्यात पडली. न्हाव्याने टोपी काढली. वरच्या मजल्यावरच्या सिन्योरा कानेपा सूप घेऊन आल्या, बसल्या, रडल्या, आणि आपल्या बहिणीचं असंच कसं झालं होतं ते साग्रसंगीत सांगून गेल्या. भेटेल तो तिचा हात हातात घेई. ज्यांना काहीच ठाऊक असायला नको होतं त्या सगळ्यांचं सांत्वन तिला उभ्या उभ्या करावं लागलं. निघताना ती दारात थांबली. “तुला सांगणं म्हणजे भोंगा वाजवणं, पपा,” ती म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर त्याने जपून वागायचा किती प्रयत्न केला! तिच्याशी बोलताना जीभ चावायचा, ती आली की हवापाण्याच्या गप्पा. हळूहळू जरा सैल झालं होतं. मग हा मे महिना उजाडला. एक मेला इथे घरोघरी पावट्यासारख्या कोवळ्या बाकल्याच्या शेंगा आणि सलामी, म्हणजे खारवून मुरवलेल्या मांसाची वळकटी, खातात. शेंगा सोलायच्या, कच्चे दाणे तोंडात टाकायचे, वर सलामीची चकती. तेक्लाचा जीव की प्राण. त्यासाठी तो डोंगरावरच्या गावी जाऊन, धुरावर वाळवलेली, आतून ओलसर गुलाबी अशी अस्सल सलामी घेऊन आला होता. ती आणि तिचा नवरा रेमो आले. तेक्लाने शेंगा खाल्ल्या, चीज खाल्लं, आणि सलामीची बशी हळूच रेमोकडे सरकवली. “का गं? घे की!” “नको पपा.” “अगं तुझ्यासाठी आणलीय!” “नको म्हटलं ना.” आणि खुर्ची वळवून खिडकीतून भिंतीकडे बघत बसली. रेमोने एकट्याने सगळी बशी फस्त केली, घाईघाईने, पुरावा गिळल्यासारखी. अगोस्तीनोला लागलं. बापाने आणलेला घाससुद्धा नकोसा झाला म्हणायचा. तेव्हापासून रविवारी येणं बंद. फोन केला तर रेमो उचलतो. ती झोपलीय. संध्याकाळी सातला कोण झोपतं? आणि आज ही पाठ. म्हणजे सलामीपासून पाठीपर्यंत एक सरळ रेघ होती, आणि ती कुठे जाते ते त्याला दिसत होतं.

दारावर धपाधप थापा पडल्या. सिन्योरा कानेपा. घंटी असताना ही बाई थापा का मारते हे कोडं त्याला आजवर सुटलं नव्हतं. नाक लाल, हातात रुमाल. “अहो गुस्तीन, ऐका. शनिवारी माणूस येतोय. भिंत खरवडून काढणार आणि वर सिमेंट.”

“कोणती भिंत?”

“कोणती म्हणजे? तुमच्या खिडकीसमोरची! डॉक्टर म्हणाले, माझ्या शिंकांचं मूळ भिंतगवतात आहे. मी म्हटलं, मूळ तर माझ्या घरामागेच आहे! आँ... आँक्छी!”

“सिन्योरा, ते भिंतगवत वेगळं. केसाळ असतं, कपड्यांना चिकटतं, त्याला धड फूलही नसतं. माझ्या समोरचं ते नव्हे.”

“भिंतीवर उगवतं ना?”

“उगवतं.”

“हिरवं आहे ना?”

“आहे.”

“मग झालं तर! नावातच आहे की भिंतगवत. तुम्हाला काय, तुम्ही शिंकत नाही.”

एरवी त्याने मान डोलावली असती. करा काय करायचं ते. पण आज हातचं आणखी काही जाऊ देणं त्याला झेपेना. देल्फीना गेली, तेक्ला चालली, आता भिंतसुद्धा? “या इकडे,” तो म्हणाला आणि कानेपाबाईंना मागच्या दाराने घर आणि भिंत यांच्यामधल्या बोळात घेऊन गेला. इतक्या वर्षांत तो इथे क्वचितच आला होता. खिडकीतून दिसतं तेवढंच त्याने पाहिलं होतं. इथे गारवा होता, दगडांना पावसाळी वास होता. “हे बघा फूल. हे बघा. याने कधी कुणाला शिंक येते?” बाईंनी रुमालाआडून पाहिलं. “एकदोन फुलं आहेत. बाकी नुसता पाला.” “नुसता पाला कसा? फुलं असतात ढीगभर, थांबा.” तो वाकून शोधू लागला, आणि त्याच्या लक्षात आलं की देठ पुष्कळ आहेत, पण सगळेच बाहेर बघत नाहीत. उमललेली फुलं उजेडाकडे मान काढून होती, सगळी, वरच्या त्या आभाळाच्या पट्टीकडे. आणि दुसरे कितीतरी देठ उलटे वळले होते. उजेडाकडे पाठ करून, लांब होऊन, भिंतीत तोंड खुपसून. रुसल्यासारखे. “हे बघा, हे इथे आत लपलंय,” म्हणत त्याने त्यातला एक देठ चिमटीत धरला आणि फटीतून बाहेर ओढला.

देठाच्या टोकाला फूल नव्हतं. मोहरीएवढी हिरवी गाठ होती, टचटचीत भरलेली. त्याने नखाने नुसता स्पर्श केला तर ती फुटली आणि आतले काळे दाणे, तिळाहूनही बारीक, त्याच्या तळहातावर पडले. त्याने दुसरा देठ ओढला नाही. वाकून फटीत नुसतं पाहिलं. तिथेही गाठ होती, अजून कोवळी, अंधारात, दगडाच्या कुशीत नेऊन ठेवलेली. तिसऱ्यातही होती. फूल असेतो उजेडाकडे बघायचं. पोटात दाणा धरला की तोंड फिरवायचं आणि जिथे कुणाचा हात, कुणाची नजर पोचणार नाही अशा जागी जाऊन गुपचूप बसायचं. देल्फीना म्हणायची, “फुलं आपल्यासाठी, बाकीचं भिंतीसाठी.” त्याला वाटायचं, बाई काहीतरी आपलं बोलते. आणि त्याच क्षणी, देल्फीनाच्या त्या आवाजामागून, दुसरा आवाज आला, पस्तीस वर्षांपूर्वीची देल्फीना, याच स्वयंपाकघरात, पोटावर हात ठेवून, डोळ्यांत पाणी: “मेल्या, माझ्यासमोर तरी नको ना खाऊस! डॉक्टरने कच्ची सलामी बंद केलीय, आणि तू मेमध्ये बसून चकत्या कापतोयस!” सलामी बंद. कच्चं मांस बंद, पोटुशी बाईला इथे पहिल्याच तपासणीत बजावतात. बशी रेमोकडे सरकवलेली. संध्याकाळी सातची झोप. आणि इथे वर, चर्चच्या पलीकडे, बायकांच्या डॉक्टरणीचा दवाखाना, गुरुवारी सकाळी उघडा. तेक्ला कुणाकडे गेली असेल म्हणे! अरे गाढवा!

तो हसला का रडला ते त्याचं त्यालाच कळलं नाही, पण घशातून आवाज मात्र मोठा निघाला. “काय झालं?” कानेपाबाई दचकल्या. आणि आता ते शब्द त्याच्या जिभेवर येऊन उभे राहिले, तेच ते जुने शब्द, दात ओलांडायला आतुर.  समोर कानेपाबाई, म्हणजे सगळा चढ, म्हणजे नीवेस, न्हावी, सूप, पिठाचे हात. एक वाक्य, आणि तेक्लाची ती पाठ कायमची पाठच राहील. त्याने तोंड घट्ट मिटलं. इतकं घट्ट की जबडा दुखला. मग म्हणाला, “काय व्हायचंय? गुडघा. या बोळात ओल किती आहे बघा! इमारतीच्या व्यवस्थापकाला काही लाज? पन्हाळी गळतेय, दिवा नाही, आणि चाललेत सिमेंट फासायला!” “ते मात्र अगदी खरं,” कानेपाबाई खूश होऊन म्हणाल्या, आणि दोघांनी मिळून व्यवस्थापकाला मनसोक्त शिव्या घातल्या. शेवटी असं ठरलं की शनिवारचा माणूस नको. तुमचं ते केसाळ गवत मी स्वतः हाताने उपटतो, अगोस्तीनो म्हणाला, पार तुमच्या गॅलरीखालचंसुद्धा. मात्र या वेलाला कुणी हात लावायचा नाही. बाई म्हणाल्या, “बघू. शिंका थांबल्या तर बघू.” त्या गेल्यावर त्याने तळहातावरचे दाणे बोटाने एकेक करून फटीत ढकलले. ओढून काढलेला देठही परत आत सारला. तो राहील की नाही कोण जाणे.

पुढचे दिवस त्याने गवत उपटत काढले आणि स्वतःच शिंकत राहिला. मनात एकाआड एक दोन माणसं बोलत. एक म्हणे, आजोबा, आजोबा. दुसरा म्हणे, गप, मागच्या वेळीही हेच म्हणालास. आनंद आणि भीती एकाच फटीत राहायला आली होती, आणि एकाला हाकलावं तर दुसरंही जायचं. त्याला फोन करायचा होता. फोनवर काय सांगणार? मला कळलंय म्हणून? म्हणजे तिच्या हातून तेही काढून घ्यायचं. कधी सांगायचं, सांगायचं की नाही, हे तिचं होतं, तिचं एकटीचं. नीवेसच्या भट्टीवर तो रोज जाई. “कसं काय, गुस्तीन?” “रडतखडत. मीठ जास्त झालंय तुझ्या फोकाच्चात.” “जळलं मेलं तुझं तोंड!” नीवेस म्हणे, आणि त्याला आतून असं काही गोड वाटे की दुकानाबाहेर येऊन तो भिंतीला टेकून उभा राही. गुरुवारी तो लिफ्टने जात नसे. चढ चढे, गुडघ्यांना शिव्या देत, पण त्या डबीत तिला पुन्हा एकदा वळायला लावणं त्याला नको होतं.

जूनमध्ये एका गुरुवारी मात्र कानेपाबाईंनी त्याला खाली बाजारात नेलं. शिंका कमी झाल्या होत्या आणि त्या आनंदात त्यांना पडद्यांचं कापड घ्यायचं होतं. परतताना गठ्ठा त्याच्या हातात आणि बाई सोबत. चढ शक्यच नव्हता. लिफ्टमध्ये शिरले. दार मिटायला लागलं, आणि पळत पळत, धापा टाकत, निळा कोट आत आला. उन्हाळ्यात कोट! त्याने पाहिलं. तिने पाहिलं. तिचा खांदा वळायला लागला तोच अगोस्तीनो स्वतः वळला. गठ्ठ्यासकट, लाकडी भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि सूचना वाचू लागला. चष्मा खिशात होता. अक्षर दिसत नव्हतं.

“अगं बाई, तेक्ला!” कानेपाबाई ओरडल्या. “इकडे कशी? वाळलीस की गं! का सुटलीयेस? आणि हा कोट कसला, ताप आहे का?”

 पाठीमागून अगोस्तीनोला तिचा श्वास ऐकू येत होता. मग त्याने इंजिनरूममधला आवाज काढला. “ही काय लिफ्ट म्हणायची?” तो भिंतीला म्हणाला. “मुंगीच्या पावलांनी चालते! बाकावर बसावं तर खिळे! आणि सिन्योरा, त्या कापडवाल्याने तुम्हाला फसवलं, रंग पहिल्या धुण्यात जाणार!”

“फसवलं? मला?” कानेपाबाई उसळल्या आणि गठ्ठ्याचं टोक सोडवून कापड उजेडात धरून बघू लागल्या. “काहीतरीच! हा रंग जाणारा आहे? आँ?”

त्याच्या शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिलं. भिंतीकडे तोंड करून. निळ्या कोटाची बाही त्याच्या बाहीला लागली. दोघंही ती सूचना वाचत होती.

“पपा,” ती अगदी हळू म्हणाली. “तू का तोंड फिरवलंस?”

“सहज,” तो म्हणाला. जन्मात पहिल्यांदा त्याला कुजबुजता आलं. “तुला फिरवायला लागू नये म्हणून.”

लिफ्ट वर चढत होती.  मग तिने विचारलं, “आणि भोंगा?”

“गंजला.”

तिचा हात त्याच्या हाताशी आला. गार होता, ओलसर होता. “डिसेंबर,” ती म्हणाली. “डॉक्टरीण म्हणाली, या वेळी सगळं ठीक आहे.” अगोस्तीनोने मान हलवली. डोळ्यांतून पाणी सरळ मिशांत उतरत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता, एका हातात गठ्ठा, दुसऱ्यात ती.

“काय गं, काय म्हणालीस?” कानेपाबाईंनी कापडातून मान वर काढली. “डिसेंबरात काय?”

“वारा,” अगोस्तीनो भिंतीकडेच बघत म्हणाला. “डिसेंबरात इथे फार वाईट वारा सुटतो, सिन्योरा. नुसता वैताग.”